पासवर्ड बंद करू नका, तो कुणाचा मागितला जातोय ते बघा

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर सांगता येईल. कोल्हापूरच्या राजारामपुरीत घर, खाली तुम्ही, वर चार विद्यार्थी भाड्यानं, वायफाय सगळ्यांचं एकच. तुमच्या विंडोज 11 च्या डेस्कटॉपवर जीएसटी रिटर्नचं काम चालतं, वहिनींचा विंडोज 10 चा लॅपटॉप आहे आणि तुमच्या मुलांकडं एक जुना विंडोज 7 चा पीसी. डेस्कटॉपवरचा एक फोल्डर बाकी दोन्हींवरून उघडायचा होता. दर वेळी युजरनेम-पासवर्डची चौकट यायची आणि पिन टाकला तरी ती घ्यायची नाही. वैतागून एक व्हिडिओ बघितलात, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलंत, 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' दिलात आणि लॅपटॉपवर फोल्डर उघडला. विंडोज 7 वर अजून उघडत नाही, म्हणून एसएमबी 1 (नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू करू का, असं विचारताय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता: "घरातलंच नेटवर्क आहे, एवढं चालतं ना?"

ही शेवटची ओळच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचं नेटवर्क घरातलं नाही, वाड्यातलं आहे. राउटरला घरमालक कोण आणि भाडेकरू कोण हे कळत नाही. वायफायचा पासवर्ड ज्याला दिला तो आत आला. चार पोरांनी तो आपापल्या मित्रांना दिला नसेल, असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकाल का?

काही वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या मालकांकडून फोन आला. वर्कशॉपच्या मागंच त्यांचं घर, वरच्या मजल्यावर भाडेकरू. "अवो, आमचं खातं वरच्यांच्या टीव्हीवर दिसतंय की!" मला आधी वाटलं चेष्टा चाललीय. जाऊन बघितलं तर खरंच तसं होतं. वरच्यांनी नवा अँड्रॉइड टीव्ही घेतला होता, त्यावर व्हिडिओ बघायचं व्हीएलसी अ‍ॅप टाकलं होतं. हे व्हीएलसी सिनेमे शोधायला लोकल नेटवर्कही चाळतं. यादीत 'डाउनलोड्स', 'म्युझिक' आणि त्यांच्या खाली 'पार्टी लेजर', म्हणजे गिऱ्हाइकांच्या हिशेबाचं खातं. कुणी हॅकिंग केलं नव्हतं, चोरी केली नव्हती. टीव्हीनं विचारलं, कॉम्प्युटरनं दाखवलं. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद होतं आणि एव्हरीवनला फुल कंट्रोल होता. तुमचंही सध्या नेमकं असंच आहे, फक्त वरच्या पोरांनी अजून बघितलेलं नाही. तुमच्या फोल्डरमध्ये तर लोकांचे पॅन नंबर आणि बँक स्टेटमेंट असणार.

म्हणून आज रात्री पहिल्यांदा ते पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग पुन्हा चालू करा. बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

आता मूळ अडचण. पासवर्ड मागितला जातो यात अडचण नाही. तो कुणाचा मागितला जातोय हे कुणी सांगत नाही, तिथं घोळ आहे. वहिनींच्या लॅपटॉपवरून तुम्ही डेस्कटॉपवरचा फोल्डर उघडता तेव्हा चौकट लॅपटॉपच्या पडद्यावर येते, त्यामुळे माणूस लॅपटॉपचाच पासवर्ड टाकत बसतो. पण विचारणारा असतो डेस्कटॉप. त्याला त्याच्याकडं नोंदलेलं खातं आणि त्या खात्याचा पासवर्ड हवा असतो. आपल्या घराची किल्ली घेऊन मामाच्या घराचं कुलूप उघडायला गेल्यासारखं होतं ते. किल्ली खरी असते, कुलूप दुसरंच असतं.

पिनचंही तसंच आहे. विंडोजचा पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करत असाल तर पूर्ण ईमेल आणि त्या ईमेलचा खरा पासवर्ड लागतो. वर्षानुवर्षं पिननंच लॉगिन करणाऱ्याला तो पासवर्ड आठवत नाही. आठवला तरी कधी कधी डेस्कटॉप तो मानत नाही, कारण त्या मशीनवर तो एकदाही टाकलेला नसतो. आणि खात्याला पासवर्डच नसेल, म्हणजे नुसतं एंटर दाबून आत जात असाल, तर विंडोज अशा खात्याला नेटवर्कवरून आत घेतच नाही. समोर बसलेल्यालाच ते खातं चालतं.

या सगळ्या भानगडीतून सुटायला मी एकच करतो. फोल्डर ज्या मशीनवर आहे तिथं शेअरिंगसाठी वेगळं लोकल खातं काढतो. तुमच्या रोजच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या मशीनमध्ये साठवायची वेळच येऊ देत नाही. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथं 'अदर यूजर्स', मग खातं जोडताना 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' अशा अर्थाचा पर्याय आणि त्यानंतर 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' जोडायचा पर्याय. हे दोन दुवे बारीक अक्षरात असतात, नीट बघा. खातं 'स्टँडर्ड'च ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अजिबात नको. नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, मध्ये जागा न सोडता. मी दोन खाती काढायला सांगेन, एक 'घर' आणि एक 'मुलं'. का, ते पुढं येतंच.

फोल्डर कुठं ठेवता यालाही महत्त्व आहे. पुष्कळ जण पडद्यावरचा (विंडोजच्या 'डेस्कटॉप'मधला) किंवा डॉक्युमेंट्समधला फोल्डर उजव्या क्लिकनं 'गिव्ह अ‍ॅक्सेस टू' म्हणून शेअर करतात. तो फोल्डर तुमच्या प्रोफाइलच्या, म्हणजे तुमच्या खात्याच्या खासगी फोल्डरच्या पोटात असतो, त्यामुळे विंडोज 'यूजर्स' हा अख्खा फोल्डरच शेअर म्हणून मांडतं आणि आतल्या परवानग्यांवर भिस्त ठेवतं. त्या परवानग्या नीट असतील तोवर ठीक. पण मला स्वतःला हे आवडत नाही. एक फोल्डर दाखवायचा तर सगळा कपाटाचा कप्पा कशाला उघडायचा? डी ड्राइव्हवर 'व्यवहार' असा नवा फोल्डर काढा आणि त्याच्या प्रॉपर्टीज, शेअरिंग, 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग' या वाटेनं जा.

इथं दोन दारं आहेत आणि निम्मे लोक इथंच अडकतात. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधल्या परवानग्या हे फाटक, नेटवर्कवरून येणाऱ्यालाच लागणारं. 'सिक्युरिटी' टॅबमधल्या परवानग्या हे खोलीचं दार, नेटवर्कवरून आला काय आणि समोर बसला काय, सगळ्यांना लागणारं. दोन्हींत जे जास्त कडक तेच लागू होतं. फाटकावर फुल कंट्रोल दिला आणि सिक्युरिटीत त्या खात्याचं नावच नसेल तर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येणार. उलटही तसंच. फाटकावरचं एव्हरीवन काढून टाका, 'घर' खातं जोडा आणि 'चेंज' द्या. मग सिक्युरिटीत जाऊन त्याच खात्याला 'मॉडिफाय' द्या. फुल कंट्रोल कुणालाच द्यायची गरज नाही, कारण त्यात परवानग्या बदलायचा हक्कही जातो. सिक्युरिटीच्या यादीत 'यूजर्स' किंवा 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' असे गट आधीपासून दिसतील. ते आत्ता काढत बसू नका. फाटकावर त्यांचं नाव नाही, म्हणजे नेटवर्कवरून ते येऊ शकत नाहीत. चुकून स्वतःचंच नाव काढून बसलेले लोक माझ्याकडं दर महिन्याला येतात.

एव्हरीवनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्याची भीतीही उगाच असते आणि निर्धास्तपणाही. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू असेल तर एव्हरीवन म्हणजे या मशीनवर ज्याचं खातं आहे असा प्रत्येक जण. ते बंद केलं की 'गेस्ट'ही त्यात येतो, म्हणजे खरोखरच कुणीही. शब्द तोच राहतो आणि एका बटणानं त्याचा अर्थ बदलतो. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

आता मुलांच्या खात्याला वेगळं का ठेवायचं. नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली की गेली. तुम्ही डेस्कटॉपवर बसून डिलीट केलंत तर ती बिनमध्ये सापडेल. तीच फाइल मुलानं विंडोज 7 वरून पुसली तर बिन रिकामं. आणि 'चेंज' परवानगीत पुसणंही येतं, नुसतं लिहू द्यायचं पण पुसू द्यायचं नाही असं त्यात नाही. यात मीच एकदा तोंडघशी पडलोय. एका ओळखीच्यांकडं घरभर सगळ्यांना सगळं देऊन आलो, कारण चहा थंड होत होता आणि त्यांना 'एकदाचं चालू' हवं होतं. आठवड्यानं फोन, लग्नाच्या फोटोंचा फोल्डर गायब. दोन तास शोधल्यावर तो शेजारच्या गेम्सच्या फोल्डरमध्ये सापडला. धाकट्यानं माऊस दाबून ओढला होता, दुसरं काही नाही. पुसला असता तर मला त्या घरी पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. तेव्हापासून फोटो, शाळेच्या पीडीएफ, सिनेमे अशा गोष्टींचा वेगळा फोल्डर करतो आणि मुलांच्या खात्याला फक्त 'रीड' देतो. हिशेबाच्या फोल्डरशी त्या खात्याचा संबंधच नको.

याच कामात हमखास होणारा एक घोळ सांगतो, नाहीतर परवा पुन्हा लिहाल. जुन्या फोल्डरमधल्या फाइल्स नव्या 'व्यवहार'मध्ये कट-पेस्ट केल्यात आणि दोन्ही एकाच ड्राइव्हवर असतील, तर त्या फाइल्स जुन्या परवानग्या सोबत घेऊन येतात. मग वहिनींना निम्म्या फाइल्स उघडतात, निम्म्या उघडत नाहीत आणि माणूस वायफायला शिव्या देतो. कॉपी करा, तपासा, मग जुन्या पुसा. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते.

मग वहिनींच्या लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये नवीन नोंद करा. पत्त्याच्या जागी डेस्कटॉपचं नाव, युजरनेमच्या जागी आधी डेस्कटॉपचं नाव, मग बॅकस्लॅश, मग खात्याचं नाव, आणि खाली त्या खात्याचा पासवर्ड. आधी मशीनचं नाव लिहिलं की कुलूप कुणाचं याबद्दल गोंधळ राहत नाही. यानंतर चौकट येणार नाही. तुम्हाला जे हवं होतं, म्हणजे रोज पासवर्ड टाकायला लागू नये, ते इथं मिळालं आणि पासवर्ड काढावाही लागला नाही. मधेच 'एकापेक्षा जास्त युजरनेमनं जोडता येत नाही' अशा अर्थाचा 1219 नंबरचा एरर आला तर घाबरू नका. आधीच्या प्रयत्नांतलं एखादं कनेक्शन उघडं राहिलेलं असतं. एकाच मशीनशी दोन वेगळ्या नावांनी बोलणं विंडोजला मान्य नाही. लॅपटॉप रीस्टार्ट करा, सुटतं.

एक्सप्लोररमधल्या 'नेटवर्क'मध्ये डेस्कटॉप दिसत नाही म्हणून शेअरिंग बिघडलं असं समजू नका. ती यादी लहरी आहे. वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश, डेस्कटॉपचं नाव, पुन्हा बॅकस्लॅश आणि फोल्डरचं नाव टाकून बघा. उघडलं तर सगळं ठीक आहे, त्यालाच ड्राइव्हचं अक्षर देऊन टाका. नावानं नाही उघडलं तर आयपी पत्त्यानं, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यानं बघा, आणि तो पत्ता राउटरमध्ये डेस्कटॉपसाठी राखून ठेवा म्हणजे बदलणार नाही. डेस्कटॉप झोपला असेल तर कशानंच उघडणार नाही, तेवढं 'स्लीप' बंद करा.

एसएमबी 1 चं उत्तर नाही असं आहे, आणि ते तुमच्या परिस्थितीवर अवलंबून नाही. तुमच्या विंडोज 7 ला त्याची गरजच नाही. विंडोज 7 ला एसएमबी 2.1 येतं आणि विंडोज 11 त्याच्याशी बोलतं. एसएमबी 1 लागायचं ते त्याआधीच्या विंडोज एक्सपीला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबी 1 मधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टनं त्याआधी मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, पण लोकांनी ती टाकली नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज 10 च्या आवृत्तीपासून नव्या मशीनवर एसएमबी 1 मुळात बसवलेलं नसतं किंवा वापरलं नाही तर आपोआप निघून जातं. ते हातानं परत बसवणं म्हणजे बुजवलेलं भगदाड आपणच उकरणं. तुमच्या विंडोज 7 वर फोल्डर उघडत नाही त्याचं कारण मला पासवर्डच्या घोळातच दिसतं. नव्या विंडोज 11 मध्ये गेस्ट प्रवेशावर आणखी बंधनं आली आहेत, तेव्हा बिनपासवर्डाची वाट तशीही अरुंदच होत चालली आहे. आधी 'मुलं' खातं वापरून बघा.

मात्र त्या विंडोज 7 ला जानेवारी 2020 पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत आणि विंडोज 10 चा सर्वसाधारण आधारही ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. म्हणूनही मुलांच्या पीसीला फक्त वाचायची परवानगी. त्यावर उद्या एखादा रॅन्समवेअर (वॉनाक्रायसारखा व्हायरस) आला तर तो लिहिता येईल तिथवरच हात घालू शकतो. ज्या फोल्डरवर नुसतं 'रीड' आहे तिथल्या फाइल्स त्याला बंद करता येत नाहीत.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पासवर्ड चालू, फोल्डर वेगळा, खाती वेगळी, दोन्ही दारांवर तीच नावं, लिहायचा हक्क वहिनींना आणि वाचायचा मुलांना.

राहिला राउटर. इथं मात्र तुमच्याकडं काय बसवलंय यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क', म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय असतं. ते चालू करा, वरच्या पोरांना त्याचा पासवर्ड द्या आणि मुख्य वायफायचा पासवर्ड बदला. गेस्टच्या पानावर 'गेस्टना लोकल नेटवर्क वापरू द्या' अशा अर्थाचा एक चौकोन असतो, त्यावर टिक नसावी. ती टिक राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. राउटरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्डही बदला. नेट जोडून देणारा मुलगा जो ठेवून गेला तो गल्लीतल्या सगळ्या घरांत सारखाच असण्याची शक्यता असते. बाहेरून ऑफिसमधून फोल्डर उघडावा म्हणून 445 नंबरचं पोर्ट (फाइल शेअरिंगचं दार) इंटरनेटकडं उघडायचा सल्ला कुणी दिला तर त्याचा चहासुद्धा पिऊ नका.

घरात फायबरचा डबा एक आणि वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर, असं असेल तर आणखी एक गंमत होते. दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. त्याच्या पोटातल्या मशीनला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला त्याच्या पोटातलं दिसत नाही. म्हणजे वरचा राउटर आत असेल तर वरची पोरं तुमच्या डेस्कटॉपपर्यंत येऊ शकतात आणि तुम्हाला वाटतं राउटर वेगळा आहे, आपण सुरक्षित आहोत. उलटी रचना हवी. म्हणजे तुमची मशीनं आतल्या राउटरमागं आणि पोरं बाहेरच्यावर. दोन्ही डब्यांचे मॉडेल नंबर आणि कुठली वायर कुठं जाते ते कळवलंत तर नेमकं सांगता येईल. वहिनींच्या लॅपटॉपवर घरचं वायफाय 'प्रायव्हेट' आणि बाहेरची सगळी 'पब्लिक' ठेवा. पब्लिक असलं की विंडोजचा फायरवॉल शेअरिंगची दारं आपोआप लावून घेतो.

बॅकअपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. ती फाइल एकाच डिस्कवर आहे, दिसतेय फक्त तीन ठिकाणी. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला कॉपी करा आणि काढून ठेवा. लावूनच ठेवलीत तर रॅन्समवेअर तिलाही सोडणार नाही. आणि ठेवताना जरा उंचावर किंवा दुसऱ्या घरी. 2019 च्या महापुरानंतर शाहूपुरीतल्या एका गिऱ्हाइकाकडं गेलो होतो. सीपीयू टेबलाखाली, बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. गडी बॅकअप नेमानं घेत होता. खण ओढला तर आधी चिखल बाहेर आला, मग डिस्कचं पाकीट.

सगळं झाल्यावर एक परीक्षा घ्या. डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट शेअर' लिहून एंटर मारा, काय काय शेअर आहे त्याची यादी येईल. डॉलरच्या चिन्हानं संपणारी नावं विंडोजची स्वतःची असतात, ती राहू द्या. बाकी तुम्ही केलेले फोल्डर सोडून 'यूजर्स' किंवा अख्खा ड्राइव्ह दिसला तर तो जुन्या उद्योगातला आहे, त्याचं शेअरिंग काढा. मग वरच्या एका पोराला बोलवा, त्याचा फोन गेस्ट वायफायवर असतानाच व्हीएलसीत लोकल नेटवर्क उघडायला सांगा. यादी रिकामी आली तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तुमच्या डेस्कटॉपचं नाव दिसलं तर राउटरचं गेस्टचं पान पुन्हा उघडा, ती टिक तिथंच असणार.